आरडीएफची गोळाबेरीज: नियम आणि क्वेरींबाबत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आरडीएफ म्हणजे माहिती ‘वस्तू, गुणधर्म, मूल्य’ अशा तीन पदांच्या विधानांत, म्हणजे ट्रिपलमध्ये, मांडायची पद्धत; अशा विधानांचं जाळं म्हणजे ग्राफ. ट्रिपल म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक आहे, स्पार्कल या आरडीएफच्या क्वेरीभाषेत एखाददुसरी क्वेरी लिहून झाली आहे आणि आता ‘एकूण किती?’ या साध्या प्रश्नापाशी ज्यांची गाडी अडली आहे, त्यांच्यासाठी हे पान. उदाहरणं मुद्दाम लहान घेतली आहेत. आकडे बोटांवर मोजता आले की चूक लपत नाही.

नियम लिहून बेरीज का करता येत नाही?

नियमाचं काम ‘असं असेल तर तसं’ एवढंच. ‘काम प्रकल्पाचा भाग असेल आणि एखादी व्यक्ती त्या कामावर असेल, तर ती व्यक्ती प्रकल्पाची सदस्य’ हा नियम एका वेळी एकाच जुळणीकडे बघतो. पाच जुळण्या सापडल्या तर तो पाच वेळा चालतो, पण त्या पाच जुळण्यांना एकमेकींची खबर नसते. बेरजेला मात्र सगळ्या जुळण्या एकदम समोर लागतात.

हे झालं वरवरचं कारण. खरी मेख पुढे आहे. आउल ही संकल्पना आणि त्यांचे संबंध मांडायची भाषा आणि त्यावर बेतलेली स्वर्ल ही नियमभाषा यांच्या तर्कशास्त्राची एक अट असते: नवी माहिती आल्यामुळे जुना निष्कर्ष कधीही मागे घ्यावा लागू नये. निष्कर्ष वाढतील, घटणार नाहीत. बेरीज या शिस्तीत बसत नाही. प्रकल्पात १०, २० आणि ३० तासांची तीन कामं आहेत, म्हणून एखाद्या नियमाने ‘एकूण तास ६०’ असं लिहून ठेवलं. उद्या २० तासांचं चौथं काम आलं. आता ‘एकूण ८०’ हे खरं, पण ‘एकूण ६०’ पुसायची सोय त्या तर्कशास्त्रात नाही. दोन्ही विधानं शेजारीशेजारी नांदू लागतात. सरासरी, कमाल, किमान यांचीही हीच गत.

आणि ‘खुलं जग’ म्हणतात ते काय?

आरडीएफ आणि आउलच्या जगात, एखादी गोष्ट लिहिलेली नाही म्हणून ती खोटी ठरत नाही. ती फक्त अजून कळलेली नसते. साठ्यात तीन कामं आहेत याचा अर्थ प्रकल्पाला तीनच कामं आहेत असा होत नाही. चौथं कदाचित दुसऱ्या कुणाच्या फाइलमध्ये असेल.

शिवाय दोन वेगळ्या नावांची माणसं वेगळीच आहेत, असंही आउल गृहीत धरत नाही. एखाद्या गुणधर्माला एकच मूल्य असू शकतं असं जाहीर केलं आणि डेटात दोन व्यक्ती निघाल्या, तर रीझनर (निष्कर्ष काढणारा प्रोग्रॅम) चूक दाखवत नाही; या दोघी एकच असाव्यात असा निष्कर्ष काढून मोकळा होतो. रिलेशनल डेटाबेसमधून आलेल्या माणसाला हे पहिल्यांदा दिसतं तेव्हा त्याला रीझनर बिघडला आहे असंच वाटतं. बिघडलेला नसतो. मोजायचं असेल तर कोण कोणापासून वेगळं आहे आणि यादी कुठे संपते, हे कुणीतरी आधी सांगावं लागतं.

मग स्पार्कलला मोजणी कशी जमते?

कारण स्पार्कल जगाबद्दल विचारत नाही, समोरच्या साठ्याबद्दल विचारते: या घडीला, या ग्राफमध्ये, या नमुन्याला जुळणाऱ्या ओळी किती? क्वेरी चालते तेवढ्यापुरतं ती दार लावून घेते. उत्तर हातात पडलं की दार पुन्हा उघडं. ६० हा आकडा त्या क्वेरीचं उत्तर असतो. ग्राफमधलं चिरंतन सत्य होत नाही.

या पानावरच्या जवळजवळ प्रत्येक गोंधळाचं मूळ इथे आहे. दार कधी लावलं, कुणी लावलं आणि त्या वेळी आत कोणकोण होतं, हे स्पष्ट नसेल तर एकूण आकड्याला अर्थ उरत नाही.

स्पार्कलमध्ये ही सोय सुरुवातीपासून होती का?

नाही. जानेवारी २००८ मध्ये डब्ल्यू३सी या वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेची शिफारस, म्हणजे अधिकृत मानक, म्हणून आलेल्या पहिल्या आवृत्तीत मोजणीसुद्धा नव्हती. लोक सगळ्या ओळी बाहेर काढून आपल्या प्रोग्रॅममध्ये बेरीज करत, किंवा ज्या त्या इंजिनाच्या खास जोडण्या वापरत. मार्च २०१३ च्या १.१ आवृत्तीने काउंट, सम, मिन, मॅक्स, अ‍ॅव्हरेज, ग्रुप-कॉनकॅट आणि सॅम्पल ही सात फंक्शनं, सोबत ग्रुप बाय, हॅविंग आणि उपक्वेरी दिल्या. आज जुन्या पुस्तकात ‘हे स्पार्कलला जमत नाही’ असं वाचलंत तर आधी छपाईचं वर्ष बघा.

माझी बेरीज दुप्पट-तिप्पट येते. इंजिन चुकतंय का?

इंजिन क्वचितच चुकतं. हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून सावकाश बघू.

प्रकल्पाला तीन कामं (१०, २०, ३० तास) आणि दोन सदस्य आहेत. एकाच क्वेरीत तुम्ही ‘प्रकल्पाची कामं, त्यांचे तास आणि प्रकल्पाचे सदस्य’ असा नमुना लिहिला. कामांचा आणि सदस्यांचा एकमेकांशी थेट संबंध नाही, म्हणून प्रत्येक काम प्रत्येक सदस्याबरोबर जोडलं जातं. तीन गुणिले दोन, सहा ओळी. तासांची बेरीज १२०, सदस्यांची मोजणी ६. दोन्ही चूक. तिसरा बहुमूल्य गुणधर्म जोडा, समजा चार कागदपत्रं, की ओळी चोवीस होतात आणि बेरीज ४८०.

घाईत सुचणारा उपाय म्हणजे बेरजेत डिस्टिंक्ट (सारखी मूल्यं एकदाच धरा) घालणं. सदस्यांची मोजणी त्याने खरोखर सुधारते, कारण तिथे आपण वेगवेगळ्या वस्तू मोजतो. तासांची बेरीजही ६० येते आणि माणूस खूश होतो. आता तिसऱ्या कामाचे तास ३० ऐवजी २० करा. खरी बेरीज ५०. डिस्टिंक्ट मात्र दोन्ही २० एकच समजतं आणि ३० सांगतं. आगीतून फुफाट्यात! पहिली चूक निदान डोळ्यांवर येत होती. ही चूक पहिल्या चाचणीत पास होते आणि नंतर कधीतरी, दोन आकडे योगायोगाने सारखे आले की उगवते. मी स्वतः या सापळ्यात पडलो आहे. अहवालातली एकूण बेरीज दर महिन्याला थोडीशी कमी का येते, ते शोधायला तीन दिवस लागले होते.

बरोबर मार्ग एकच: आधी बेरीज, मग जोडणी. एका उपक्वेरीत फक्त प्रकल्प आणि कामांचे तास घेऊन प्रकल्पानुसार बेरीज करा. दुसऱ्या उपक्वेरीत सदस्य मोजा. बाहेर दोन्ही प्रकल्पावर जुळवा. आता प्रत्येक बाजूला एका प्रकल्पाची एकच ओळ आहे, गुणाकाराला जागाच नाही.

एक खाचखळगा लक्षात ठेवा. उपक्वेरी आतून बाहेर सोडवली जाते, म्हणून बाहेर बांधलेलं चल (व्हेरिएबल) आतल्या फिल्टरमध्ये दिसत नाही. ‘फक्त याच प्रकल्पासाठी’ ही अट आतच लिहायला हवी.

दोन मापनं सारखीच आली, त्यातलं एक गायब झालं. कुठे गेलं?

ते कधी साठवलंच गेलं नाही. आरडीएफ ग्राफ म्हणजे ट्रिपलचा संच, आणि संचात तीच वस्तू दोनदा नसते. सेन्सरने २१, २१ आणि २४ अशी तीन तापमानं मोजली आणि तुम्ही ती थेट सेन्सरला चिकटवली, तर ‘सेन्सर, तापमान, २१’ हे विधान एकदाच राहतं. खरी सरासरी २२, ग्राफ सांगतो २२.५. त्यातून गंमत अशी की एकदा २१ हा पूर्णांक आणि एकदा २१.० हा दशांश असा आला असता, तर दोन्ही टिकले असते आणि सरासरी बरोबर आली असती. निव्वळ नशिबाने.

इथे क्वेरी कितीही चतुर लिहा, उपयोग नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? मांडणीच बदलायला हवी: प्रत्येक मापनाला स्वतःचा नोड द्या, आणि त्या नोडला सेन्सर, वेळ, मूल्य आणि एकक जोडा. जे मोजायचं आहे त्याला स्वतःची ओळख हवी. सांख्यिकी माहितीसाठी हीच कल्पना पद्धतशीर मांडलेला आरडीएफ डेटा क्यूब हा शब्दसंग्रह जानेवारी २०१४ मध्ये शिफारस झाला. त्यात प्रत्येक निरीक्षण हा वेगळा नोड असतो. नवीन मांडणी करत असाल तर तिथून सुरुवात केलेली बरी.

ज्या प्रकल्पाला एकही काम नाही, त्याची मोजणी १ का येते?

ऑप्शनल (‘असेल तर जोड, नसेल तरी ओळ ठेव’) वापरून सगळं-मोजणारं काउंट, म्हणजे तारांकित काउंट, लिहिलं असणार. ऑप्शनलला काही सापडलं नाही तरी प्रकल्पाची ओळ राहते, आणि तारांकित काउंट ओळी मोजतं. कामाचं चल मोजा. ते रिकामं असेल तर मोजलं जात नाही आणि उत्तर ० येतं.

ऑप्शनल नसेल तर उलटा प्रकार: गटच तयार होत नाही, प्रकल्प उत्तरातून नाहीसा होतो. ‘शून्य’ आणि ‘यादीत नाही’ यांतला फरक अहवाल वाचणाऱ्याला कळत नसतो.

एकूणच्या रकान्यात काहीच येत नाही. एररसुद्धा नाही.

एखाद्या मूल्याने दगा दिला आहे. बहुधा कुणीतरी ‘२०’ हा आकडा अक्षरं म्हणून साठवला आहे, किंवा तासांच्या जागी ‘माहीत नाही’ असं लिहिलं आहे. स्पार्कलमध्ये बेरजेच्या गटात एकही अंकेतर मूल्य असेल तर त्या गटाची बेरीज चुकीत जमा होते, आणि चूक झालेलं चल नुसतं रिकामं राहतं. काउंटला त्याची फिकीर नसते. ते मूल्य असल्याचं मोजून पुढे जातं. म्हणून मोजणी आहे पण बेरीज नाही असं दिसलं, की संशय इथे घ्यायचा.

इज-न्यूमेरिक हे फंक्शन फिल्टरमध्ये नकारासह वापरून आधी गुन्हेगार बाहेर काढा. मग ठरवा: दुरुस्त करायचे, दशांशात रूपांतर करायचे, की वगळायचे. कोअलेस (एक मूल्य चुकलं तर पुढचं घेणारं फंक्शन) लावून सगळ्या वाईट मूल्यांना ० देणं सोपं आहे, पण तसं केलंत तर वगळलेल्यांची मोजणी शेजारच्या रकान्यात दाखवा. नाहीतर ती बेरीज नाही, अंदाज आहे.

आणि हो, गटच नसेल आणि एकही ओळ जुळली नाही, तर विनिर्देशानुसार बेरीज ० आणि सरासरीसुद्धा ० येते. तापमानाच्या बाबतीत हे घातक आहे. शून्य अंश हे खरं तापमान असू शकतं. सरासरीबरोबर नेहमी मोजणीही मागा.

स्वर्लमध्ये, जेनाच्या नियमांत बेरजेची फंक्शनं आहेत की! ती चालणार नाहीत?

आहेत, पण त्यांचं काम वेगळं. जेना या आरडीएफ साधनसंचातलं सम दोन आकड्यांची बेरीज करून तिसऱ्या चलात ठेवतं. २००४ मध्ये डब्ल्यू३सीकडे सादर झालेल्या स्वर्लमधलं अ‍ॅडही एका जुळणीतल्या आकड्यांपुरतंच. मूळ किमतीत कर मिळवायचा असेल तर उत्तम. ‘सगळ्या कामांचे तास’ मात्र त्यांच्या आवाक्यात नाहीत.

ही उणीव ओळखून स्वर्लवर स्क्विरल नावाची क्वेरी-जोडणी झाली. इंग्रजीत खारीला म्हणतात तसाच उच्चार. प्रोटेजे या आउल-संपादकात ती वापरता येते. तिच्यात संच बनवणं, गट पाडणं, मोजणं, सरासरी काढणं सगळं आहे, पण आलेलं उत्तर नियमाच्या निष्कर्षात वापरता येत नाही. ही उणीव नव्हे, विचारपूर्वक घातलेलं कुंपण आहे: पहिल्या उत्तरात सांगितलेली ६० आणि ८० ची शेजारगत त्यामुळे टळते.

एन३, म्हणजे आरडीएफमध्येच नियम लिहू देणारी भाषा, हिचा रस्ता वेगळा. तिथे एक बिल्ट-इन दिलेल्या व्याप्तीतली सगळी मूल्यं यादीत गोळा करतं आणि दुसरं त्या यादीची बेरीज करतं. व्याप्ती स्पष्ट लिहावी लागते, म्हणजे दार कुठे लावलं ते नियमातच दिसतं. मला ही पद्धत सर्वांत प्रामाणिक वाटते, जरी वाचायला ती जड असली तरी.

बेरीज ग्राफमध्ये परत लिहून ठेवावी का?

ठेवता येते. कन्स्ट्रक्ट क्वेरीच्या साच्यात थेट बेरीज लिहिता येत नाही, म्हणून आत उपक्वेरी घालून बेरीज एका चलात घ्यायची आणि साच्यात ते चल वापरायचं. हीच कन्स्ट्रक्ट नियम म्हणून वर्गाला जोडायची कल्पना २०११ च्या स्पिन या स्पार्कलवर बेतलेल्या नियमभाषेत होती. आरडीएफ डेटाची तपासणी करणाऱ्या २०१७ च्या शॅकल या भाषेच्या प्रगत भागात ती स्पार्कल-नियम म्हणून आली आहे. नियमांचा क्रमही तिथे ठरवता येतो, आणि बेरजेसाठी तो ठरवायलाच हवा: तास निष्पन्न करणारा नियम आधी, बेरजेचा नंतर.

पण लिहिलेली बेरीज शिळी होते. अपडेटमध्ये नुसतं इन्सर्ट लिहिलंत तर दुसऱ्या खेपेला प्रकल्पाला दोन ‘एकूण’ असतील, आणि त्या दोघांची बेरीज करणारं कुणीतरी भेटतंच. आधी डिलीट, मग इन्सर्ट, एकाच विनंतीत. त्याहून बरं म्हणजे सगळे काढलेले आकडे वेगळ्या नामांकित ग्राफमध्ये ठेवा, त्या ग्राफला तयार केल्याची वेळ जोडा, आणि दर वेळी तो अख्खा टाकून नव्याने भरा. कामाचे तास आणि प्रकल्पाचे एकूण तास यांना एकच गुणधर्म कधीही वापरू नका. पुढच्या खेपेला एकूणच बेरजेत घुसतं आणि आकडा फुगत जातो.

हा व्याप नको असेल तर आरडीएफॉक्ससारखी डेटालॉग (नियमांवर चालणारी क्वेरीभाषा) इंजिनं आहेत. तिथे नियमातच एकत्रीकरण लिहिता येतं, आणि मूळ तथ्य बदललं की इंजिन जुना निष्कर्ष काढून नवा ठेवतं.

बेरजेच्या आत बेरीज, म्हणजे भागांचे भाग, कशी करायची?

सायकलला दोन चाकं, प्रत्येक चाकाला ३६ स्पोक. सायकलमध्ये स्पोक किती? शाळकरी मूल ७२ सांगेल. स्पार्कलच्या प्रॉपर्टी पाथला, म्हणजे गुणधर्मांच्या साखळीवरून चालत जाण्याच्या सोयीला, हे जमत नाही. ‘भाग’ या गुणधर्मावर अधिक-चिन्ह लावून तुम्ही सायकलपासून स्पोकपर्यंत पोहोचता, पण वाटेतले आकडे गुणता येत नाहीत. पाथ फक्त ‘पोहोचता येतं’ एवढंच सांगतो, तेही एकदाच, वाटा कितीही असोत.

हे ‘एकदाच’ पहिल्यापासून तसं नव्हतं. १.१ च्या मसुद्यात प्रत्येक वाट वेगळी मोजली जायची. २०१२ मध्ये चिलीतल्या संशोधकांनी दाखवून दिलं की मूठभर नोडच्या, दाट जोडलेल्या ग्राफवरही त्या मोजणीचा आकडा कुठल्याही संगणकाच्या आवाक्याबाहेर जातो. शिफारस पक्की होण्याआधी तारांकन आणि अधिक-चिन्ह यांची व्याख्या बदलली गेली. साधी जोडसाखळी मात्र अजूनही पुनरावृत्ती मोजते. म्हणून त्याच डेटावर दोन पायऱ्या हाताने लिहिलेली क्वेरी आणि अधिक-चिन्हाची क्वेरी वेगवेगळी मोजणी देऊ शकतात.

स्पोकचा प्रश्न नियमांनी सुटतो: वाटेवरच्या संख्यांचा गुणाकार पुढे नेत जायचा आणि शेवटी बेरीज करायची. फक्त संचाचा सापळा इथेही दबा धरून आहे. पुढचं चाक आणि मागचं चाक वेगळे नोड असतील तर दोन्हीकडून ‘सायकलमध्ये स्पोक ३६’ हेच विधान निष्पन्न होतं आणि ती दोन विधानं एक होतात. वाट कुठून आली याची खूण निष्कर्षात ठेवावी लागते.

बेरीज आणि पुनरावृत्ती एकमेकींत गुंतली की खरी कसोटी. बहुतेक इंजिनं नियमांचे थर पाडतात: खालचा थर पूर्ण झाल्यावरच वरच्या थरात मोजणी. बेरजेचा निष्कर्ष पुन्हा त्याच बेरजेला खाद्य पुरवत असेल तर थर पडत नाहीत आणि नियम नाकारला जातो. बहुतेक वेळा हे योग्यच असतं. पण एक जुनं उदाहरण या चाळणीत नाहक अडकतं: एका कंपनीचे स्वतःचे आणि तिच्या ताब्यातल्या कंपन्यांचे मिळून ५० टक्क्यांहून जास्त समभाग असतील तर ती कंपनी त्या दुसऱ्या कंपनीवर नियंत्रण ठेवते. इथे बेरीज फक्त वाढतच जाते, म्हणून अर्थ स्वच्छ आहे. तुमचं इंजिन ते स्वीकारत नसेल तर अपडेट क्वेरी नवं काही निघेनासं होईपर्यंत पुन्हा पुन्हा चालवा.

रीझनर चालू केल्यावर मोजण्या बदलल्या.

बदलणारच, आता तुम्ही लिहिलेली आणि निष्पन्न झालेली, दोन्ही विधानं मोजत आहात. सेम-अ‍ॅज (‘ही दोन नावं एकाच वस्तूची’ असं सांगणारं विधान) असेल तर एका व्यक्तीची तीन नावं तीनदा मोजली जातात. प्रत्येकीचं एकच ठरावीक नाव निवडून त्यावर गट पाडा. तीच फाइल दोनदा चढवली आणि तिच्यात निनावी नोड (स्वतःचा पत्ता नसलेले) असतील तर तेही दुप्पट होतात, कारण दुसऱ्या खेपेला ते नवे म्हणून येतात.

विकिडेटावर बेरीज करताना काय सांभाळायचं?

विकिडेटा म्हणजे विकिपीडियाचा भावंड-प्रकल्प असलेला खुला डेटासाठा. तिथे दोन गोष्टी. सोप्या, ‘थेट’ गुणधर्मातून फक्त सर्वोच्च दर्जाची विधानं मिळतात. लोकसंख्येच्या दहा वर्षांच्या नोंदींपैकी एकीला पसंतीचा दर्जा असेल तर ती एकच दिसते; कुणालाच नसेल तर सगळ्या सामान्य नोंदी येतात आणि तुम्ही एकाच शहराची लोकसंख्या दहा वेळा मिळवता. दुसरं, थेट गुणधर्मात राशीचं एकक गळून पडतं. चौरस किलोमीटर आणि चौरस मैल आनंदाने एकत्र मिळवले जातात. त्यासाठी प्रमाणित एककातली मूल्यं वेगळी उपलब्ध आहेत, ती घ्या. आणि क्वेरीला साठ सेकंदांची मर्यादा आहे, तेव्हा मोठी बेरीज तुकड्यांत करा.

मध्यक, प्रमाण विचलन, चालती बेरीज?

प्रमाणित स्पार्कल १.१ मध्ये यांपैकी काहीच नाही. जेनासारखी काही इंजिनं प्रमाण विचलन देतात. बाकीच्यांसाठी निकाल बाहेर काढा आणि तुमच्या आवडत्या साधनात मोजा. यात कमीपणा नाही. ग्रुप-कॉनकॅटचा क्रम कुणी हमी देऊन सांगत नाही, तेव्हा त्यावर चाचणी बेतू नका.

दूरच्या सेवेतला डेटा मोजायचा असेल तर?

बेरीज तिकडेच करून आणा: सर्व्हिसच्या (क्वेरीचा भाग दूरच्या सेवेकडे पाठवणाऱ्या शब्दाच्या) आत उपक्वेरी. ओळी इकडे ओढून मोजलात तर मर्यादेत सापडाल. विकिपीडियातून काढलेल्या डेटाची, डीबीपीडियाची, सार्वजनिक सेवा १०,००० ओळींवर थांबते. नेमका १०,००० आकडा आला तर तो डेटाचा नाही, मर्यादेचा आहे.

आलेला आकडा बरोबर आहे याचा ताळा कसा करायचा?

एक गट निवडा, हाताने मोजता येईल इतका लहान. गट न पाडता त्याच्या कच्च्या ओळी छापा आणि डोळ्यांनी वाचा. फुगलेली जोडणी तिथेच दिसते. मग गटांच्या बेरजांची बेरीज आणि ग्रुप बाय काढून केलेली बेरीज जुळते का ते बघा. जुळत नसेल तर एखादं काम दोन गटांत मोजलं गेलं आहे किंवा कुठल्याच गटात नाही. शेवटी, ज्या कामांना तासच नाहीत त्यांची यादी नॉट एक्झिस्ट्सने काढा. ती यादी रिकामी नसेल तर अहवालात एकूण आकड्याच्या शेजारी तिची लांबीही छापा: ‘४७ पैकी ४१ कामांचे तास’.